चौथी खोली : नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

उशिओया, हामानोयु
९ नोव्हेंबर

शुन्साकु,

पत्र ऋतूची चौकशी करून सुरू करावं, असं आई सांगायची. तर ऋतू आहे. समुद्र खवळलाय, खेकड्यांचा हंगाम सुरू झालाय, आणि माझे गुडघे थंडीमुळे तुझ्यासारखे वागायला लागलेत. हाक मारली की ओ देत नाहीत. झाली चौकशी.

आईच्या अंत्यविधीला तू आत्याच्या देखत म्हणालास, "ताई नुसती उभी राहून बघत होती." संध्याकाळच्या गाडीने तू तोक्योला गेलास. त्यानंतर आपल्यात फक्त नववर्षाची छापील कार्डं जातात-येतात, तीही छापखान्याच्या सौजन्याने. मग आज हे हाताने लिहिलेलं पत्र का? कारण परवा ओसाकाहून दोन मुली राहायला आल्या.

आल्या आल्या विचारलं, "आम्हाला चौथी खोली मिळेल का?"

मी म्हटलं, "पोरींनो, चार हा मरणाचा आकडा. या देशात कुठल्या जुन्या विश्रामगृहात चौथी खोली असते? आमच्याकडे तीननंतर थेट पाच."

"हो ना! म्हणूनच तर!" म्हणत दोघींनी एकमेकींना चिमटे काढले.

तीन आणि पाचच्या मध्ये काय आहे ते तुला माहीत आहे. कपड्यांची खोली. चादरी, पाहुण्यांना घालायला द्यायचे सुती युकाता आणि आईचं तीन पाखांच्या आरशाचं टेबल. आई तिथेच कोसळली. त्या खोलीला आपण कधी नाव दिलं नाही, आकडा तर नाहीच. मुलींनी तिच्या बंद दाराला वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळल्या. "मालकीणबाई, एक फोटो? जरा उजवीकडे सरका ना. हं, तश्शा. हातात ताट घ्याल?"

मी ताट घेतलं. गिऱ्हाईक आहे, काय करणार. एक दुसरीला कुजबुजली, "अगं, अंगावर काटा आला."

माझ्या रूपाने आजवर अनेक परिणाम झाले असतील, पण काटा पहिल्यांदाच. निघताना मी त्यांना गाठलंच. "हा काय प्रकार आहे?"

"म्हणजे तुम्ही खेळला नाहीत? मग नाही सांगणार. सांगितलं तर मजा जाईल!"

आपली सेत्सुमावशी अजून आहे. आता ती पाहुण्यांच्या खोल्या झाडत नाही, फक्त त्या झाडणाऱ्यांना झाडते. तिने नातीच्या फोनवर शोधून दाखवलं. 'चौथी खोली'. संगणकावर वाचायची रहस्यकथा, तिच्यावरून काढलेला मांगाही आहे, चित्रकथेचे खंडच्या खंड. पहिल्याच चित्रात आपला व्हरांडा, आपला जिना, पाचव्या फळीवरचा डागसुद्धा. लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव एकच, 'उशिओ'. आपल्या उशिओयाच्या पाटीवरून नाव उचलायचं आणि उशिओयाला विचारायचंही नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला सुचणार?

एका विश्रामगृहात म्हातारी मालकीण मरते, आणि ताटाखाली दोन्ही हात धरून, डाव्या डोळ्याखाली तीळ असलेली तिची मोठी मुलगी तिथे उभी असते, इतकं मला कळलं. माझा तीळ कुठे आहे ते तुला ठाऊक आहे.

एकच प्रश्न आहे. खुनी मी आहे का? हो किंवा नाही. पोस्टकार्डावर मावेल.

तोमोए


१६ नोव्हेंबर

शुन्साकु,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तू गप्प बसलास की काहीतरी फुटलेलं असतं, हा माझा लहानपणापासूनचा अनुभव. आईची फुलदाणी आठवते?

तू सांगत नाहीस म्हणून मी गावाला विचारायला निघाले. स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात मिहारा नावाची बाई आहे, तिशीची, चष्म्यामागून जगाकडे दयेने बघणारी. तिच्या फळीवर तुझ्या मांगाचे खंड उभे, आणि वर तिने रंगीत पेनांनी लिहिलेला पुठ्ठा : 'नवख्यांनो, थांबा! आधी गेम, मग मांगा! शेवट कुणालाही विचारू नका!' तीन उद्गारचिन्हं. हल्ली माणसं पुस्तक विकत नाहीत, आरोळी विकतात.

"मिहारा-सान, हा गेम म्हणजे काय असतो? मला गोळ्या वगैरे झाडता येणार नाहीत."

"छे हो! काही झाडायचं नसतं. मागे चित्र असतं, खाली अक्षरं. बटण दाबलं की पुढचं वाक्य. वारा, पाऊस, जिन्याचा आवाज. नुसतं वाचायचं आणि संशय घ्यायचा."

"मग मला जमेल. मी बटण न दाबताच घेते."

तेवढ्यात तोफूवाला निशिगोरी आत आला. हातातली बादली दाराशी ठेवून म्हणाला, "मालकीणबाईंना गेम कशाला देतेस? डोळे जातील. मांगा दे. एका बैठकीत उरकतो."

"उरकतो! ऐकलंत? उरकायला ते काय भांडी आहेत? गेममध्ये लेखकाने प्रत्येक वाक्याला थांबा दिलाय. मांगात तुम्ही पान उलटता आणि गेला तो थांबा."

"अगं, पण मांगात माणसं हलतात तरी. गेममध्ये ती बाई तासभर एकाच पोझमध्ये उभी."

"ती बाई म्हणजे मीच का?" मी विचारलं.

निशिगोरीने बादली उचलली. "तोफू गरम आहे, निघतो." शुन, त्याचा तोफू गार असतो. गेली कित्येक वर्षं मी तो विकत घेतेय.

मिहाराने दोन्ही हात जोडले. "मालकीणबाई, रागावू नका. पहिल्यांदा वाचणाऱ्याला शेवट सांगणं हे आमच्यात पाप आहे."

"आणि गावभर माझ्याबद्दल कुजबुजणं पुण्य?"

"कुजबूज नाही हो. सगळ्यांना तुमच्याबद्दल फार आदर वाटतो." मग पुठ्ठा सरळ करत ती म्हणाली, "जरा भीती मिसळलेला."

देवळातल्या भिक्षूंकडेही गेले. ते माणूस मेल्यावर कुठे जातो ते बिनदिक्कत सांगतात, पण तुझ्या गोष्टीत म्हातारीला कुणी मारलं ते सांगेनात. "तोमोए-सान, वाटेवरून स्वतः चालावं लागतं." त्यांच्या टेबलावर मांगाचा तिसरा खंड सूत्रग्रंथाखाली झाकलेला होता. कोपरा बाहेर आलेला.

या देशात माणसं राजकारण्यांची बिंगं फोडतात, शेजाऱ्याच्या सुनेची फोडतात. गोष्टीचा शेवट मात्र जिवापलीकडे सांभाळतात. माझ्या गावाला ठाऊक आहे मी खुनी आहे की नाही. फक्त मलाच नाही.

गेम घेतला, चारही भाग. मिहाराने तिचा जुना लॅपटॉपही दिला. सूचनांसकट.

तोमोए


२३ नोव्हेंबर

शुन्साकु,

पाहुणे सकाळी जातात, नवे दुपारनंतर येतात. मधल्या वेळात मी हिशेब बघायची. आता तुला बघते.

गेम वाईट नाही. हे प्रशंसा म्हणून घेऊ नकोस. जिन्याचा आवाज बरोबर आहे, तिसरी पायरी करकरते ती तिसरीच. धाकटा भाऊ सगळी गोष्ट 'मी, मी' करत सांगतो आणि त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही. ताईला मात्र चेहरा आहे, तीळ आहे, जीभ आहे. 'भात गार झाला तरी चालेल, तू गरम होऊ नकोस.' हे वाक्य माझं आहे. मी ते आत्याच्या लग्नात बोलले होते. वाक्यांवर कुणाचा हक्क नसतो म्हणतात. असू दे.

तुझा गोष्टीतला भाऊ पडल्याचा आवाज ऐकून धावतो. चौथ्या खोलीच्या दारात थबकतो. आई जमिनीवर. आणि पलीकडे ताई उभी. हातात ताट. हलत नाही, बोलत नाही. नुसती बघते.

म्हणजे अंत्यविधीत जे म्हणालास तेच. फरक इतकाच, तेव्हा आत्या होती, आता वाचक आहेत. मी तेव्हाही सांगितलं होतं की तू येण्याआधी मी त्या खोलीत नव्हतेच. तू म्हणालास, "मी डोळ्यांनी पाहिलंय." तुला विश्रामगृहाचा मालक व्हायचं नव्हतं, कारण हवं होतं, आणि तू ते माझ्यात शोधलंस. इतकी वर्षं हेच समजून मी गप्प आहे.

पण ते सोड. मी हे चित्र अजून बारकाईने बघितलं आणि माझा चहा सांडला.

तू मला किमोनो उलटा घातलास.

सगळ्या गोष्टीत ताईच्या किमोनोची डावी बाजू उजवीवर आहे, जिवंत माणसाची असते तशी. या एका चित्रात उजवी डावीवर. शवपेटीत ठेवताना घालतात तशी. आईला शेवटी आपण दोघांनी घातला होता तसा. हे चुकून झालं असं मला सांगू नकोस. तोक्योत वाढलेल्या माणसाकडून होईल, उशिओयाच्या मुलाकडून नाही. लहानपणी तू युकाता उलटा गुंडाळलास की आई हातावर फटका द्यायची. "मेल्यासारखा काय गुंडाळतोस!" तुझे हात लाल व्हायचे. ते हात विसरतील?

म्हणजे मुद्दाम. म्हणजे तुझ्या लेखी मी मेलेली. खुनी ठरवणं पुरलं नाही, वर प्रेतही केलंस.

मिहाराला विचारलं. ती उजळली. "तुम्हालाही दिसलं! त्यावर तर लोकांनी केवढं लिहिलंय. ताई आधीच मेलेली आहे आणि..." मग तोंडावर हात. "अय्या. मी काही बोलले नाही."

उरलेला भाग वाचावा की लॅपटॉप समुद्रात टाकावा, याचा विचार चालू आहे. लॅपटॉप मिहाराचा आहे, एवढीच अडचण.

तोमोए


१ डिसेंबर

शुन्साकु,

तुझं पोस्टकार्ड आलं. 'ताई, आधी गेम. मांगा अजून उघडू नकोस. शेवटपर्यंत वाच. शुन.'

कार्डावर किती जागा उरली होती! 'हो' मावलं असतं, 'नाही' मावलं असतं, 'गुडघे कसे आहेत' हेही मावलं असतं. पण तुलाही शेवट फोडायचा नाही. बहिणीवर खुनाचा आळ असला तरी गोष्टीची मजा जाता कामा नये! मागे चित्र कशाचं, तर खेकड्याचं. खेकडे माझ्याच गावातून तुझ्याकडे जातात. तेच चित्र तू मला परत पाठवतोस, यात काही अर्थ असेल का, यावर सेत्सुमावशीशी माझी चर्चा झाली. ती म्हणाली, "टपाल कचेरीत स्वस्त मिळालं असेल." असेलही. पण तू 'ताई' लिहिलंस. तेही मी दोनदा वाचलं. संशयाने.

वाचून संपवलं. शेवटी पडदा काळा होतो, वारा थांबतो आणि तीन वाक्यं येतात.

'मी जे पाहिलं ते खरं होतं. मी जे समजलो ते नव्हे. उत्तर चित्रात आहे.'

एवढंच? नाव नाही, पोलीस नाहीत, कबुली नाही! मी दुकानात गेले. "मिहारा-सान, मी संपवलंय. आता पाप लागत नाही. बोला."

ती बिचारी आधी दुकानाचं दार लावून आली. "लेखकाने उत्तर दिलेलंच नाहीये. म्हणून लोक भांडतात. पण बहुतेकांचं म्हणणं..." ती माझ्या तिळाकडे बघत होती. "ताईनेच केलं. ताटात विष. मग स्वतःही मेली, म्हणून किमोनो उलटा. मांगाचा शेवटचा खंड वसंतात येतोय, त्यात कळेलच. आगाऊ मागणी आत्ताच खूप आहे."

"आणि तुमचं स्वतःचं म्हणणं?"

"मला वाटतं तिला कारण असणार." मग घाईघाईने, "गोष्टीतल्या! गोष्टीतल्या ताईला!"

आता तुला कळलं ना इथे काय होणार आहे ते? वसंतात तो खंड येईल. ओसाकाच्या मुली येतील, नागोयाच्या येतील, मला उजवीकडे उभं करून ताट देतील, आणि मी वाढलेल्या सुपाचा पहिला घोट प्रत्येक जण जरा थांबून घेईल. निशिगोरी आत्ताच थांबतो. मला या गावात मरेपर्यंत राहायचंय. तुझ्यासारखी संध्याकाळची गाडी मला नाही.

मांगा उघडू नकोस म्हणतोस. याचा अर्थ त्यात काहीतरी लपवलेलं आहे. सगळे खंड घेऊन आलेय.

तोमोए


४ डिसेंबर

शुन,

आज थोडं सविस्तर लिहिते. पाहुणे नाहीत, बर्फाने रस्ता बंद आहे.

तिसरा खंड उघडला. तेच दृश्य. मांगा काढणाऱ्या चित्रकर्त्या बाईंचा हात सुंदर आहे, तू काढलीस त्यापेक्षा मला बारीकही केलंय. चौथी खोली, जमिनीवर आई, पलीकडे ताट धरलेली ताई. आणि किमोनो सरळ! डावी बाजू उजवीवर, जिवंत बाईसारखी. मला क्षणभर बरं वाटलं. कुणीतरी लाज राखली.

मग खंडाच्या शेवटी चित्रकर्त्या बाईंचं ते गमतीदार पान असतं ना, मांजर वगैरे काढून गप्पा मारतात ते, ते वाचलं. लिहिलंय : 'मूळ गेममधल्या या चित्रात किमोनो उलटा आहे आणि तीळही भलत्या डोळ्याखाली! चित्र चुकून उलटं बसलं असणार. आमच्या मुद्रितशोधकांच्या नजरेतून काही सुटत नाही. दुरुस्त केलंय!' शेजारी मांजर माफी मागतंय.

तीळ? मी तिळाकडे बघितलंच नव्हतं. स्वतःचा तीळ कोण बघतं!

लॅपटॉप उघडला. खरंच, त्या चित्रात तीळ उजव्या डोळ्याखाली. मग सगळा गेम मागे नेऊन ताईची बाकीची चित्रं तपासली. डावीकडे उभी असो की उजवीकडे, किमोनो सरळ, तीळ जागेवर. मिहारा फोनवर म्हणाली की बरेच जण एक चित्र काढून बाजू बदलायला तेच उलटवतात. तू तसं केलं नाहीस, प्रत्येक बाजूचं वेगळं काढलंस. आळशी माणसाने एवढे कष्ट घेतले की मला भीती वाटते.

म्हणजे चूक नव्हे. आणि अपमानही नव्हे. कारण शुन, मेल्यावर माणसाचा किमोनो उलटा होतो. तीळ नाही सरकत.

मी सेत्सुमावशीला हाक मारली. "मावशी, जरा कपड्यांच्या खोलीच्या दारात उभी राहतेस?"

"का? फोटो काढायचाय?"

"आधी उभी राहा, मग तोंड चालव."

"तुमच्या घराण्यात दोन्ही एकदम चालतं, मला एकेक जमतं," म्हणत ती दारात गेली. आईचा आरसा जिथे होता तिथेच आहे, मी कधी हलवला नाही. त्याच्या उजव्या पाखाची बिजागरी आईच्या वेळेपासूनच सैल, पूर्ण मिटत नाही, व्हरांड्याकडे तोंड करून लटकतं. आरशावरचं जांभळं कापड मी बाजूला टाकलं. मग स्वयंपाकघरातून संध्याकाळचं ताट घेऊन, त्या दिवशी आले होते तशीच, व्हरांड्याच्या वळणावर येऊन थांबले. मावशीची माझ्याकडे पाठ.

"काय दिसतंय?"

"चादरी. आरसा." मग ती ओरडली, "अगं बाई! तू आत कधी गेलीस?"

"मी आत नाहीये, मावशी."

"मग समोर कोण उभंय?"

"नीट बघ. किमोनो कसा आहे?"

मावशीने मान पुढे काढून बघितलं. मग हळूच म्हणाली, "उलटा. तीळपण तिकडे." आणि ती सावकाश मागे वळली. मी तिथे होते. तिने माझ्या हातातलं ताट घेतलं. म्हणाली, "त्याने मागे बघितलंच नाही ग."

तो तिरका आरसा स्वतःपुढच्या माणसाला दाखवत नाही, वळणावरच्याला दाखवतो. म्हणून तू त्यात नव्हतास, मीच होते. मी ताट घेऊन येत होते, दारात तुझी पाठ दिसली, वाट अडली म्हणून थांबले. एका श्वासापुरती. आत काय पडलंय ते तुझ्या पाठीआड होतं. तू आत धावलास, आईवर वाकलास, मी ताट व्हरांड्यातच ठेवून मागून आले. मान वर केलीस तेव्हा मी समोर होते, आणि तुझ्या मते आधीपासूनच तिथे होते. तू खोटं बोलत नव्हतास. मीही नव्हते. इतकी वर्षं आपण दोघे खरं बोलून भांडलो.

आणि ते ताट! विषाचं म्हणे! अरे, आपल्याकडे जेवणाचं ताट कपड्यांच्या खोलीत कुणी नेतं का? आईने पाय मोडले असते. चादरीला सुपाचा वास लागला तर पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. ताट हातात असलेली बाई त्या खोलीत असूच शकत नाही, हे उशिओयात वाढलेल्या प्रत्येकाला कळतं. म्हणजे दोन माणसांना. गेमच्या त्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात जांभळी चिंधी आहे, तिला मी पडदा समजले होते. त्या खोलीला पडदा कधी होता?

तो गेम वाचकांसाठी नव्हताच, असा माझा संशय आहे.

पण मग हे तुला कधी कळलं? चित्र काढता काढता? आठवणीतून ताई काढलीस आणि हात आपोआप उलटा किमोनो काढू लागला, लाल झालेला तो हात, आणि तू थबकलास? की आधीच कळलं होतं आणि मला सांगायची लाज वाटली म्हणून चार भाग, पाऊस, वारा, जिना आणि देशभरातले वाचक मध्ये उभे केलेस? एका ओळीची माफी मागायला माणसं इतका लांबचा रस्ता घेतात, हे मी फक्त आपल्या घरात बघितलंय.

आणि मांगात त्यांनी किमोनो सरळ केला, तीळ जागेवर नेला, तेव्हा तू गप्प बसलास. का, तेही आता कळतं. 'ती चूक नाही' म्हणालास तर उत्तर फुटलं असतं! त्यांनी मला नीटनेटकी करून सरळ खोलीच्या आत ढकललं. आरशातली बाई निर्दोष होती, मांगातली खरोखर खुनी आहे. आणि तू मजा जाऊ नये म्हणून बघत राहिलास. नुसता उभा राहून. शब्द ओळखीचे वाटतात का?

तोमोए


१० डिसेंबर

शुन,

अजून उत्तर नाही. रस्ता उघडलाय, टपाल येतंय, खेकडे जातायत. म्हणजे कारण तूच.

आज मिहाराकडे गेले. म्हटलं, "तुमचा तो पुठ्ठा काढा. मी नवा आणलाय."

"तुम्ही लिहिलात? नवख्यांसाठी?" तिने वाचला, मग पुन्हा वाचला. "यात शेवट तर फुटत नाही ना?"

"नाही. ही फक्त रीत आहे. दारात उभं राहिलं की मागच्याला वाट द्यावी, तशी."

तिने आपला नवा लॅपटॉप उघडला, ते चित्र काढलं, बघत राहिली. मी काही सांगितलं नाही. आता मलाही ते पाप वाटायला लागलंय. तिचा हात हळूच तोंडाकडे गेला, डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "मालकीणबाई, मला माफ करा." मी म्हटलं, "माफी नको. निशिगोरीला गेम द्या. आणि त्याने उरकला तर दंड करा."

पुठ्ठा आता फळीवर आहे. तुझ्यासाठी उतरवते.

'चौथी खोली'. नवख्यांसाठी.
आधी गेम घ्या. सावकाश वाचा. सगळ्यांवर संशय घ्या, सांगणाऱ्यावर सगळ्यात जास्त. मांगा सुंदर आहे, नंतर घ्या, पण त्यातली बाई फार व्यवस्थित आहे हे लक्षात ठेवा. ताईचं ते चित्र आलं की बटण दाबायची घाई करू नका. एकदा मागे वळून बघा.
उशिओया विश्रामगृहाची मालकीण

शेवटचा खंड वसंतात येतो. त्याआधी चित्रकर्त्या बाईंना जाऊन सांग की त्यांच्या मुद्रितशोधकांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. तिसऱ्या खंडाच्या पुढच्या आवृत्तीत माझा किमोनो पुन्हा उलटा करून घे. मला नीटनेटकी खुनी व्हायचं नाही. तुला बोलायला जड जात असेल तर हे पत्र दाखव. माझ्या अक्षराला माणसं घाबरतात.

आणि इथे ये. पत्राने नको, पोस्टकार्डाने नको, पाचवा भाग काढून तर मुळीच नको. आरसा हलवलेला नाही. त्यावरचं जांभळं कापड बाजूला टाकून ठेवते. संध्याकाळची ताटं निघतात त्या वेळी त्या दारात उभा राहा. समोर मी दिसेन, उलटी. या वेळी आत धावू नकोस. आत आता कुणी पडलेलं नाही.

मागे वळ. ताट जड आहे, धर.

ताई